मुदत संपली म्हणून देणे संपले काय?

धर्मग्रामाच्या कचेरीत येणारे सगळेच प्रश्न बाप्तिस्म्याच्या दाखल्याचे किंवा लग्नाच्या नोंदणीचे नसतात. घरभाड्याची अनामत, सोडून गेलेल्या नोकराचा थकलेला पगार, दुकानाची जुनी उधारी, वडिलांच्या निधनानंतर कपाटात सापडलेली एखादी चिठ्ठी, भावाभावांतील कुंपणाची रेघ, असे पुष्कळ प्रश्न आमच्यापुढे येतात. बहुतेक वेळा वकिलाचा सल्ला आधीच घेऊन झालेला असतो. त्यामुळे कायदा काय म्हणतो हे आमच्याकडून कुणाला ऐकायचे नसते. कायद्याचे उत्तर मिळूनही मनाची टोचणी का थांबत नाही, एवढेच विचारायचे असते.

या प्रश्नांत एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो : “फादर, आता मुदत संपली आहे.” शहाणीसुरती, मिस्सेला नियमाने येणारी माणसे हे वाक्य उच्चारतात आणि त्यानंतर थोडा वेळ गप्प राहतात. त्या गप्प राहण्यातच प्रस्तुत लेखाचा विषय दडलेला आहे. देणे खरे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे देणे कायद्याची मुदत उलटताच संपते काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु घर भाड्याने देणारा, चार माणसे कामाला ठेवणारा आणि लहानसा धंदा करणारा, या तिघांनाही तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांला वाटले.

प्रथम कायद्याची बाजू नीट समजून घेऊ. आपल्या देशात १९६३ चा मुदतीचा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलात आहे. हातउसने दिलेले पैसे, उधारीवर विकलेल्या मालाची किंमत, केलेल्या कामाचा मोबदला, यांसाठी दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची आहे. मालकीच्या हक्काने जमिनीचा किंवा घराचा ताबा परत मागायचा तर १२ वर्षे, आणि गहाण टाकलेली जमीन सोडवून घ्यायची तर ३० वर्षे. मुदत उलटल्यानंतर दावा दाखल झाला, तर प्रतिवादीने तशी हरकत घेतलेली नसली तरी न्यायालयाने तो फेटाळलाच पाहिजे, असे या कायद्याचे ३ रे कलम सांगते.

हा कायदा अन्यायाचा आहे असे घाईने म्हणू नये. साक्षीदार मरतात, पावत्या वाळवी खाते, माणसाची स्मृती दगा देते. वीस वर्षांपूर्वीचे देणे ज्याने खरोखर फेडले आहे पण ज्याच्याजवळ आज पावती नाही, त्याच्या दारात उद्या कुणी दावा घेऊन उभा राहिला तर त्याने काय करावे? जगातील प्रत्येक जुना व्यवहार कायम उघडा राहिला, तर कुणालाही रात्री स्वस्थ झोप लागणार नाही. भांडणांना कोठेतरी शेवट असावा, हक्क असणाऱ्याने तो वेळीच मागावा, आणि न्यायाधीशाला खरे-खोटे पारखता येईल तोवरच त्याच्यापुढे प्रकरण यावे, हा या कायद्यामागील हेतू आहे. समाजाच्या शांततेसाठी तो आवश्यक आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु हाच कायदा नेमके काय बोलतो, हे ऐकण्यासाठी आपण क्वचितच थांबतो. कायदा म्हणतो की मुदतीनंतर दावा चालणार नाही. पैशाचे देणे नाहीसे झाले, असे तो कोठेही म्हणत नाही. या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर आमच्यासारख्या धर्मगुरूने शोधून काढलेले नाही. ते खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलेले आहे.

ही गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. कामगारांनी न उचललेले पगार आणि बोनस गिरण्यांकडे पडून राहत. ही रक्कम कामगार कल्याण निधीकडे जमा करावी, अशी तरतूद १९५३ च्या मुंबईच्या कायद्याने केली. बॉम्बे डाइंग कंपनीने तिला आव्हान दिले आणि डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. घटनेच्या कसोटीवर ती तरतूद टिकली नाही. परंतु निकालाच्या ओघात न्यायालयाने एक तत्त्व स्पष्ट केले : मुदतीच्या कायद्याने वसुलीचा मार्ग बंद होतो, कर्ज मात्र नष्ट होत नाही. म्हणजे ज्या गिरणी कामगाराचा पगार वहीत पडून राहिला होता, त्याचे येणे मुदतीनंतरही येणेच होते; फक्त ते मागायला त्याच्यासाठी न्यायालयाचे दार उरले नव्हते.

कायद्यात याचे आणखीही पुरावे आहेत. १८७२ च्या करार कायद्याचे २५ वे कलम असे सांगते की, मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी देऊन त्यावर सही केली, तर ते वचन कायद्याने बंधनकारक ठरते. एरवी मोबदल्यावाचून दिलेल्या वचनाला कायदा सहसा करार मानत नाही. येथे मात्र तो अपवाद करतो. त्याच कायद्याचे ६० वे कलम म्हणते की, ऋणकोने पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते दिसले नाही, तर धनको ते मुदतबाह्य कर्जापोटीसुद्धा जमा करून घेऊ शकतो. जे देणे मेलेले आहे, त्याच्या खात्यावर पैसे कसे जमा होतील? तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही ते देणे मेलेले नाही. त्याने ते न्यायालयाबाहेर, माणसाच्या शब्दावर सोपवले आहे, एवढेच.

येथून पुढचा प्रांत सदसद्विवेकबुद्धीचा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले की, मानवी कायदा सगळ्याच दुर्गुणांना मनाई करीत नाही. बहुसंख्य माणसांना टाळता येतील आणि ज्यांना मनाई केल्यावाचून समाज टिकणार नाही, अशा मोठ्या अपराधांनाच तो हात घालतो. म्हणून कायदा जेथे गप्प बसतो तेथे परवानगी मिळाली असे समजणे ही गफलत आहे. रस्त्यावरचा दिवा जेथे संपतो तेथे रस्ताही संपला, असे कुणी म्हणत नाही.

आता ही मुदत प्रत्यक्षात कुणाची टळते, ते पाहू. जो आपल्या हक्कावर झोपून राहतो त्याला कायदा मदत करीत नाही, असे म्हटले जाते. परंतु आपल्या आजूबाजूला नजर टाकली तर झोपलेल्यांपेक्षा दबलेलेच अधिक दिसतात. मोठ्या व्यापाऱ्याची मुदत सहसा टळत नाही. त्याच्याजवळ हिशेबनीस असतो, नोटीस पाठवणारा वकील असतो. मुदत टळते ती घरकाम करणाऱ्या बाईची, कारण तिच्याजवळ कागदच नसतो. ती टळते जव्हार-मोखाड्याकडून हंगामापुरत्या आलेल्या मजुराची. पावसाळा आला की तो गावी परततो, आणि उरलेल्या आठ दिवसांच्या मजुरीसाठी गाडीभाडे खर्चून कोर्टात येणे त्याला परवडत नाही. ती टळते त्या भाडेकरूची, जो अनामतीचे पैसे मागायला चार वेळा येतो आणि चारही वेळा “पुढच्या महिन्यात बघू” हे उत्तर ऐकून परत जातो. ती टळते त्या लहान कारखानदाराची, जो मोठ्या गिऱ्हाइकाकडे तगादा लावीत नाही, कारण पुढचे काम हातचे जाईल अशी त्याला धास्ती असते. या माणसांचे मौन म्हणजे आळस नव्हे. आणि ज्याच्या भीतीमुळे ते गप्प राहिले, त्यानेच त्या मौनाचा फायदा उठवावा, हे कोणत्या न्यायात बसते?

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे काही न सांगता, ही हकिगत येथे देतो. त्यांच्या वडिलांनी घर बांधून घेतले. गच्ची गळते या कारणावरून गवंड्याचे शेवटचे अठरा हजार रुपये त्यांनी अडवून ठेवले. गवंड्याने गच्ची दुरुस्त करून दिली. परंतु पैसे राहिले ते राहिलेच. पुढे वडील वारले, गवंडीही वारला. काम पुरे होऊन पाच वर्षे झाल्यावर गवंड्याचा मुलगा दारात आला. त्याच्याजवळ बापाची एक वही होती. तीत रकमेपुढे कुणाचीही सही नव्हती. गृहस्थांनी वकिलांना विचारले. वकिलांनी योग्य तेच उत्तर दिले : दावा मुदतीत नाही.

“मग आता मी देणे लागत नाही ना, फादर?” त्यांनी विचारले.

“पैसे राहिले होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?” आम्ही विचारले.

ते म्हणाले, “ठाऊक आहे. बाबा शेवटच्या आजारात दोनदा त्याचे नाव काढून गेले.”

आम्ही म्हणालो, “तर मग वकिलांनी तुम्हांला फक्त एवढेच सांगितले आहे की, तो मुलगा तुमच्याकडून जबरदस्तीने घेऊ शकत नाही. तुम्ही द्यावे की नाही, हे त्यांनी सांगितलेले नाही. ते त्यांचे कामही नव्हे.”

गृहस्थांना एकरकमी देणे शक्य नव्हते. त्यांनी कागदावर रक्कम लिहिली, हप्ते लिहिले, खाली सही केली आणि कागद त्या मुलाच्या हाती दिला. करार कायद्याच्या २५ व्या कलमाने त्या कागदाला आता पुन्हा कायद्याचे बळ आले होते. ज्या माणसाला कायद्याने मोकळे केले होते, त्याने स्वतःहून स्वतःला बांधून घेतले, आणि कायद्याने त्याला तसे करू दिले.

या विचारावर काही आक्षेप नेहमी घेतले जातात. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचीही दखल घेतली पाहिजे.

पहिला आक्षेप असा : इतकी वर्षे त्याने मागितले नाही, याचा अर्थ त्याने सोडून दिले. आमच्या मते मौन म्हणजे माफी नव्हे. माफी धनकोने द्यायची असते; ऋणकोने स्वतःच स्वतःला देऊन ती चालत नाही. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाने दर सातव्या वर्षी कर्जे सोडून देण्याची आज्ञा दिली, ती देणाऱ्याला दिली. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला हात आखडू नकोस, असा इशाराही तेथे त्यालाच आहे. ‘सातवे वर्ष येईपर्यंत दडून राहा’ असा सल्ला घेणाऱ्याला कोठेही दिलेला नाही. ज्याला माफी हवी आहे त्याने धनकोकडे जाऊन ती मागावी. तो “जाऊ द्या हो” म्हणाला, तर देणे खरोखर संपले. परंतु हे शब्द त्याच्या तोंडून आले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अडचणीचा : आज माझ्याजवळ नाही, तर देऊ कुठून? ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्र या बाबतीत दयाळू आहे. अशक्य गोष्टीचे बंधन कुणावर नसते. मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून जुने देणे फेडा, असे ते सांगत नाही. परंतु ऐपत नसणे हे लांबणीचे कारण आहे, सुटकेचे नव्हे. परिस्थिती सुधारली की बंधन पुन्हा उभे राहते. आणि दरम्यान “मी विसरलेलो नाही” एवढे सांगायला पैसे लागत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. प्रत्येक जुना दावा खरा असतोच असे नाही. खोटी वही दाखवणारे असतात. मुद्दलाच्या कितीतरी पट व्याज आकारणारे बेकायदा सावकारही असतात, ज्यांच्यासाठी महाराष्ट्राला २०१४ साली सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला. आपल्याकडे व्याज मुद्दलाहून वाढू नये असा दामदुपटीचा दंडक हिंदूंच्या व्यवहारात पूर्वापार होता, तो उगीच नव्हे. तेव्हा ज्याने देणे फेडले आहे पण पावती हरवली आहे, ज्याला आपण देणे लागतो असे प्रामाणिकपणे वाटत नाही, किंवा जो पिळवणुकीच्या व्याजाखाली भरडला जातो आहे, त्याने मुदतीच्या कायद्याचा आसरा निःशंक मनाने घ्यावा. ज्याचा पुरावा हरवला त्याच्यासाठी ही ढाल घडवलेली आहे. जाणूनबुजून बुडवणाऱ्याने तीच उचलली, तर ढालीचा दोष नाही, हाताचा आहे.

आणखी एक प्रश्न येतो : धनकोच हयात नसेल तर? त्याचे वारस शोधावेत. खरोखर शोधूनही कुणी सापडले नाही, तर ती रक्कम गरिबांच्या कामी लावावी, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. दुसऱ्याचा पैसा केवळ मालक सापडत नाही म्हणून आपला होत नाही. बँकांनाही कायद्याने हेच लागू केले आहे. १० वर्षे कुणी न मागितलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात; परंतु ठेवीदार किंवा त्याचे वारस त्यानंतरही आपल्या बँकेकडे हक्क सांगू शकतात. आजोबांची ठेव बँकेने परत द्यावी अशी आपली अपेक्षा असते. मग आजोबांनी न दिलेले पैसे परत करताना आपण घड्याळ का पाहावे?

जमिनीची गोष्ट मात्र वेगळी, आणि आपल्या वसईसारख्या भागात तर फारच नाजूक आहे. पैशाच्या कर्जात केवळ वसुलीचा मार्ग बंद होतो. जमिनीच्या बाबतीत मुदतीच्या कायद्याचे २७ वे कलम मूळ मालकाचा हक्कच संपवते. दुसऱ्याच्या जागेवर १२ वर्षे उघडपणे, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा ठेवणारा तीवर हक्क सांगू शकतो. आपण दुसऱ्याची जागा बळकावली आहे हे ज्याला पुरते ठाऊक आहे, त्यालाही हा लाभ मिळतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वावर कडक टीका करून केंद्र सरकारने त्याचा फेरविचार करावा असे सुचवले. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात मात्र बदलाची गरज नाही असे मत दिले. म्हणजे कायदा आजही आहे तसाच आहे.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा येथे वेगळी वाट धरतो. १९८३ च्या धर्मसंहितेने मुदतीने हक्क मिळण्याचे किंवा जाण्याचे तत्त्व नागरी कायद्याकडूनच स्वीकारले आहे. परंतु १९८ व्या कलमात एक अट घातली आहे. ताबा सुरू होताना, आणि केवळ तेव्हाच नव्हे तर मुदतीच्या संपूर्ण काळात, मनुष्य सद्‌भावनेने वागत असला पाहिजे. म्हणजे वस्तू आपलीच आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असले पाहिजे. अकराव्या वर्षी जरी त्याला सत्य कळले आणि तो गप्प राहिला, तरी ती मुदत निष्फळ. हा दंडक नवा नाही. पोप इनोसंट तिसरे यांच्या काळी, १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो घालून दिला. आठशे वर्षांपूर्वी ख्रिस्तसभेला जे कळले, ते आपल्या वाडीच्या कुंपणावर उभे असताना आपल्याला कळायला हवे. परगावी नोकरीला गेलेला भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण, विधवा वहिनी, यांच्या वाट्याची चार हात जमीन कुंपणाच्या आत घेऊन वर्षे मोजत बसणाऱ्याने प्रभूच्या वेदीपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे? सहहिस्सेदाराचा नुसता ताबा दुसऱ्या हिस्सेदाराचा हक्क बुडवीत नाही, असे नागरी कायदाही सांगतो. या बाबतीत तो आपल्याइतका कठोर नाही, हे लाजेने मान्य केले पाहिजे.

पवित्र शास्त्रही मुदतीविषयी बोलते, परंतु त्याची मुदत कुणाविरुद्ध धावते ते पाहावे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय ग्रंथ बजावतो. गरिबाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे अनुवाद सांगतो. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच देवाजवळ आक्रोश करते. आपण आपल्या तीन वर्षांचा विचार करतो तेव्हा डोळ्यांपुढे असतो तो मागणाऱ्याचा उशीर. शास्त्र विचार करते ते देणाऱ्याच्या उशिराचा, आणि त्याला देते फक्त एक सूर्यास्त.

आजचे कायदेही हळूहळू त्या दिशेने पावले टाकीत आहेत. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत, आणि काम सोडून जाणाऱ्याचा किंवा काढून टाकलेल्याचा पगार २ कामकाजाच्या दिवसांत दिला पाहिजे, असे ती सांगते. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्याखाली थकलेल्या पगारासाठी अर्ज करायला १२ महिने मिळत. नव्या संहितेने ती मुदत ३ वर्षांची केली. लहान उद्योजकांसाठी २००६ चा कायदा आहे : माल घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यावेत, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. याच कायद्याखालील एका प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, लवादापुढे मुदतीचा कायदा लागू होतो. परंतु त्याआधी समेटासाठी दोन्ही पक्ष एकत्र बसतात, तेथे मुदतबाह्य येण्याचाही विषय काढता येतो, कारण येणे अजून शिल्लक असते. दोन माणसे समोरासमोर बसून बोलणार असतील तर जुने देणेही टेबलावर ठेवता येते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. आपल्या ओटीवर ते का ठेवता येऊ नये?

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांपुढे आम्ही काही साध्या गोष्टी ठेवतो. व्यवहार लिहून ठेवा, आणि लिहिण्याची जबाबदारी ज्याचा हात वर आहे त्याने घ्यावी. भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकली आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. हेच तत्त्व घरकाम करणाऱ्या बाईच्या पगाराला लावा. तिच्याजवळ एक छोटी वही द्या आणि दर महिन्याला तीत रक्कम लिहून सही करा. कुणाचे देणे थकले असेल आणि लगेच देणे जमत नसेल, तर मुदत उलटण्यापूर्वी त्याला देण्याची लेखी कबुली द्या. अशा सहीपासून मुदत नव्याने मोजली जाते. जो तुमच्यावर विश्वास ठेवून गप्प आहे, त्याच्या हक्काची राखण तुम्हीच करा.

घरातील वडीलधारे गेल्यावर वाटणीआधी त्यांची वही उघडा. १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपणा ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे, आणि मृत्युपत्रातील देणग्या वाटण्यापूर्वी मृताची कर्जे फेडली पाहिजेत असा त्याचा क्रम आहे. मृतांसाठी मिस्सा ठेवणे पुण्याचे काम आहे. त्यांचे राहिलेले देणे फेडणे हीदेखील त्यांच्यासाठी केलेली प्रार्थनाच आहे, असे आमचे नम्र मत आहे. आणि ज्याचे येणे आहे त्यानेही मनाचा मोठेपणा दाखवावा. समोरचा खरोखर खंगलेला असेल तर सोडून द्यावे, आणि तसे स्पष्ट बोलून सोडावे, म्हणजे त्याला मान खाली घालून रस्ता बदलावा लागणार नाही.

हे सारे जितके घरांना तितकेच आमच्या धर्मग्रामांना, शाळांना आणि संस्थांनाही लागू आहे. मंदिरात मेणबत्त्या लावणारा मदतनीस, शाळेचा शिपाई, सणाला मांडव घालणारा कंत्राटदार, यांचे पैसे वेळेवर देणे हा प्रवचनाचाच एक भाग आहे. लोक आमचे शब्द ऐकतात, पण आमच्या पावत्याही पाहतात.

जक्कयाच्या घरी प्रभू येशू जेवायला गेला, तेव्हा त्याच्यावर कुणी दावा लावला नव्हता, मुदतीची गोष्टही कुणी काढली नव्हती. फसवून घेतलेले चौपट परत करीन, असे तो स्वतः उभा राहून म्हणाला. आपल्याला चौपट नाही, निदान एकपट तरी देता येईल. प्रत्येक घरात एखादी जुनी वही, एखादे विसरू पाहिलेले नाव असते. या आठवड्यात ती वही काढावी, ते नाव वाचावे, आणि तो माणूस हयात असेल तोवर त्याच्या घरी जाऊन यावे.